बाळाचं डोकं एका बाजूने चपटं दिसतंय: वाट किती बघायची, उपचार कधी करायचा

माझा मुलगा तेव्हा आठ आठवड्यांचा होता. इंदुरात रामबागेतल्या आमच्या घरी न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी त्याच्या टाळूवर तेल घालत होत्या आणि मी गरम पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला उभी होते. तेलाने जावळ डोक्याला चप्प बसलं, आणि वरून बघताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की हे डोकं गोल नाही. मागची उजवी बाजू कुणी थापून सपाट केल्यासारखी होती आणि उजवा कान डाव्यापेक्षा जरा पुढे सरकलेला होता.

मावशी म्हणाल्या, "चिंता मत करो बेटा, दबा-दबाकर गोल कर दूँगी." सासूबाई म्हणाल्या, राईची उशी शिवू. दहा आठवड्यांच्या लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी एक नजर टाकली आणि सांगितलं, बसायला लागला की आपोआप होईल. मी निर्धास्त झाले. त्याची मान कुणीच फिरवून बघितली नाही, मीही नाही. त्याची मान एका बाजूला आखडलेली होती आणि ते कळायला आणखी सहा आठवडे गेले. ते सहा आठवडे मला अजून सलतात, म्हणून हे इतक्या बारकाव्याने लिहिते आहे.

चपट्या डोक्याच्या बहुतेक बाळांसाठी वाट बघणं हाच योग्य निर्णय असतो, हे आधीच सांगते. फक्त त्या वाट बघण्याला तारीख हवी, आणि त्या तारखेपर्यंत रोज काय करायचं ते ठरलेलं हवं.

हे होतं कशामुळे

तान्ह्या बाळाची कवटी एकसंध नसते. वेगवेगळी हाडं शिवणींनी जोडलेली असतात आणि आतला मेंदू वाढेल तशी ती फाकत जातात. पहिले तीन महिने डोक्याचा घेर महिन्याला साधारण दोन सेंटीमीटर वाढतो, पुढचे तीन महिने एक सेंटीमीटर, आणि त्यानंतर वर्षापर्यंत जेमतेम अर्धा. वाढणारं डोकं रोज एकाच जागी टेकलं की तिथे वाढायला वाव मिळत नाही आणि वाढ दुसरीकडे वळते. पुढची सगळी घाई आणि सगळा धीर या आकड्यांवरच ठरतो: पहिल्या सहा महिन्यांत बिघडायलाही वेळ लागत नाही आणि सुधारायलाही.

एका बाजूने चपटं झालं तर डॉक्टर त्याला प्लॅजिओसेफली म्हणतात. मागून सगळंच सपाट आणि कानांवर रुंद झालं तर ब्रॅकिसेफली. हे दुर्मिळ नाही. कॅनडातल्या कॅलगरीत सात ते बारा आठवड्यांची ४४० बाळं तपासली तेव्हा ४६.६ टक्के बाळांच्या डोक्यात काहीतरी चपटेपणा सापडला. त्यातल्या तीन चतुर्थांशांहून जास्त जणांचा तो सौम्य होता. न्यूझीलंडमध्ये बाळांना दोन वर्षांपर्यंत मोजत राहिले, तेव्हा चौथ्या महिन्यात १९.७ टक्के असलेलं प्रमाण दोन वर्षांपर्यंत ३.३ टक्क्यांवर आलं. सासूबाईंचं "होईल बरं" हे म्हणणं बहुतेक बाळांच्या बाबतीत खरं ठरतं ते असं. पण आपलं बाळ त्या ३.३ टक्क्यांत आहे की बाकीच्यांत, हे नजरेने कळत नाही.

आणखी एक, कारण रात्री दोन वाजता मला हाच प्रश्न छळायचा: झोपण्याच्या सवयीने आलेला चपटेपणा मेंदूला दाबत नाही. मेंदू त्याच्या गतीने वाढत असतो, फक्त आकार थोडा सरकलेला असतो.

पहिली पायरी: घरी नीट बघणं

जन्मानंतरचे पहिले पाच-सहा आठवडे आकारावर निकाल देऊ नका. प्रसूतीच्या वेळी डोकं दबतं, व्हॅक्यूम लावला असेल तर जास्तच, आणि तो आकार आपोआप निवळतो. सहा आठवड्यांनंतरही चपटेपणा टिकला किंवा वाढताना दिसला, तर मात्र फोटो काढायला घ्या.

फोटो असा काढा. आंघोळीनंतर केस ओले किंवा तेल लावलेले असू द्यात. एकाने बाळाला मांडीवर समोर तोंड करून बसवायचं आणि हनुवटीखाली हाताचा आधार द्यायचा. दुसऱ्याने स्टुलावर उभं राहून बरोबर वरून फोटो घ्यायचा, असा की बाळाचं नाक आणि दोन्ही कान एकाच फोटोत येतील. डोक्याभोवती गडद रंगाचा मऊ, सैल इलॅस्टिकचा पट्टा क्षणभर घातला तर आकाराची कड स्पष्ट दिसते. फोटो झाला की पट्टा लगेच काढा. एक फोटो समोरून, एक मागून, एकेक दोन्ही बाजूंनी. दर दोन आठवड्यांनी, त्याच खिडकीपाशी. रोज काढू नका. रोज बघितलं तर एक दिवस बरं वाटतं, एक दिवस वाईट, आणि कळत काहीच नाही.

वरच्या फोटोत तीन गोष्टी शोधा. चपट्या बाजूचा कान पुढे आलाय का? त्याच बाजूचं कपाळ थोडं पुढे आलंय का? सगळं डोकं बाजूला कललेल्या चौकोनासारखं दिसतंय का? तीनही उत्तरं हो असतील तर ते बहुधा झोपण्याच्या सवयीचंच आहे. कान उलट मागे आणि खाली ओढलेला दिसत असेल, तर ते फोटो घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

मागच्या केसांकडेही लक्ष द्या. बाळ जिथे डोकं टेकवतं तिथले केस झिजून टक्कल पडतं. आमच्या मुलाचा तो चट्टा रुपयाएवढा होता आणि बरोबर उजवीकडे होता. बाळ रात्रभर कुठे वळतं याचा तो उघड पुरावा आहे.

दुसरी पायरी: दोन गोष्टी डॉक्टरांकडून नक्की करून घ्या

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि आमची चुकली तीही हीच.

पहिली गोष्ट शिवणींची. क्वचित एखाद्या बाळाच्या कवटीची शिवण वेळेआधी जुळते. त्याला क्रेनिओसिनोस्टोसिस म्हणतात आणि ते साधारण दोन-अडीच हजार जन्मांत एका बाळाला होतं. त्यातली मागची शिवण जुळून डोकं एका बाजूने चपटं होणं तर त्याहूनही दुर्मिळ. तिथे कूस बदलून किंवा डोक्याला आकार देणाऱ्या साध्या हेल्मेटने काम होत नाही, शस्त्रक्रिया लागते. आणि छोट्या छेदाची, दुर्बिणीची शस्त्रक्रिया तीन-चार महिन्यांच्या सुमाराला सगळ्यात सोयीची असते. म्हणून "बघू सहाव्या महिन्यात" हे उत्तर मिळण्याआधी शिवणी बोटांनी चाचपलेल्या असायला हव्यात.

पुढचं काहीही दिसलं तर लसीच्या तारखेची वाट बघू नका: डोक्यावर हाताला लागणारी कडक, उंच रेघ, जन्मापासूनच विचित्र असलेला आणि महिन्यागणिक वाढत जाणारा आकार, बाळ शांत बसवलेलं असताना फुगलेली, ताठ टाळू, वारंवार उलट्या, सुस्ती, नजर खाली ओढली जाणं, डोक्याचा घेर वाढीच्या तक्त्यावरच्या आपल्या रेषेवरून एकदम वर किंवा खाली जाणं.

आपल्या डॉक्टरांना शंका आली तर बालन्यूरोसर्जनकडे पाठवतील. एम. वाय. रुग्णालयाला लागून असलेलं चाचा नेहरू बाल चिकित्सालय हे सरकारी दार इंदुरात आहे, आणि पुढे गरज पडली तर भोपाळचं एम्स चार-पाच तासांवर आहे. उगाच सीटी स्कॅन मात्र मागू नका. अनुभवी डॉक्टरांना बहुतेक वेळा नुसत्या तपासणीत फरक कळतो. इतक्या लहान डोक्यात किरणोत्सर्ग घालायला कारण हवं, आणि शिवणींसाठी काही ठिकाणी सोनोग्राफीही करतात.

दुसरी गोष्ट मानेची. कानामागून छातीपर्यंत उतरणारा एक स्नायू असतो. तो एका बाजूला आखूड असला तर बाळाचं डोकं त्या बाजूला कलतं आणि हनुवटी उलट बाजूला वळते. त्याला टॉर्टिकोलिस म्हणतात. आमच्या मुलाचा डावा स्नायू आखडलेला होता, म्हणून तो कायम उजवीकडे बघायचा, म्हणून उजवीकडून चपटा झाला. आम्ही त्याला रात्री शंभरदा डावीकडे वळवायचो आणि तो झोपेत परत उजवीकडे जायचा. मला वाटायचं हट्टी आहे. त्याला डावीकडे वळताच येत नव्हतं.

घरी असं बघा. बाळ जागं आणि पोट भरलेलं असताना त्याला उताणं ठेवा, एका हाताने दोन्ही खांदे हलकेच स्थिर धरा आणि खुळखुळा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत हळूहळू न्या. हनुवटी दोन्ही खांद्यांपर्यंत जवळपास सारखी जायला हवी. एका बाजूला मध्येच थांबून बाळ फक्त डोळे फिरवत असेल, किंवा रडत असेल, तर लसीच्या भेटीत डॉक्टरांना तेच शब्द सांगा: "याची मान डावीकडे पूर्ण वळत नाही, तुम्ही वळवून बघा." मान स्वतः ओढून ताणू नका. आखडलेल्या मानेबरोबर कधी कधी खुब्याच्या सांध्यातही दोष असतो, म्हणून खुबेही तपासायला सांगा.

तिसरी पायरी: आकडा घ्या

"थोडं आहे", "बरंच आहे" यांवरून निर्णय होत नाही. फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर कॅलिपरने, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर मोजणाऱ्या चिमट्याने, डोक्याचे दोन तिरपे व्यास मोजतात: उजव्या कपाळापासून डाव्या मागच्या कोपऱ्यापर्यंत, आणि डाव्या कपाळापासून उजव्या मागच्या कोपऱ्यापर्यंत. दोन्हींतला फरक काढायचा, त्याला मोठ्या आकड्याने भागायचं आणि शंभराने गुणायचं.

चौथ्या महिन्यात आमच्या मुलाचे आकडे १३८ आणि १२८ मिलिमीटर होते. फरक १०, म्हणजे ७.२ टक्के. या मोजमापाची एक प्रचलित वर्गवारी अशी आहे: ३.५ टक्क्यांच्या आत असेल तर सामान्य, ६.२५ पर्यंत सौम्य, ८.७५ पर्यंत मध्यम, ११ पर्यंत तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र. आम्ही मध्यममध्ये होतो. मागून सगळंच सपाट असेल तर रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणतात. ऐंशीच्या आसपास असलं तर नेहमीचं, नव्वदच्या पुढे गेलं की चपटेपणा सहज नजरेत भरतो.

वळवळणाऱ्या बाळाचं डोकं मोजताना दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे होतातच. म्हणून दर वेळी त्याच माणसाकडून मोजून घ्या, आणि एका आकड्यावर न जाता दोन मोजमापांमधला बदल बघा. आपल्याकडे पेंटाव्हॅलंट लशी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात. तीन तारखा आयत्याच मिळतात, त्याच धरा.

चौथी पायरी: सहा ते आठ आठवडे मनापासून घरचं काम

चार महिन्यांच्या आत या कामासारखा दुसरा उपचार नाही, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पण घरातल्या प्रत्येकाने ते करायला हवं. एकटी आई करत असेल आणि बाकी चारजण बाळाला आपापल्या सवयीने धरत असतील, तर निम्मं पाण्यात जातं.

झोप उताणीच. यात तडजोड नाही. "पालथं झोपव, मागची बाजू मोकळी राहील" असं कुणीतरी म्हणेलच. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं आणि त्यानंतर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. चपटी डोकी त्यानंतर जास्त दिसू लागली हे खरं, पण डोक्याच्या आकारासाठी तो धोका पत्करायचा नाही. बाळ उताणं झोपवा, आणि झोप लागल्यावर डोकं हलकेच दुसऱ्या बाजूला वळवा. मान परत फिरली तर फिरू द्यात, पुढच्या दुधाच्या वेळी पुन्हा वळवा.

मग बिछान्याची जागा. बाळ उजेडाकडे, दाराकडे आणि आईकडे वळतं. आमचा पलंग भिंतीला लागून होता, मुलगा कायम माझ्या डाव्या हाताला, पलीकडे नुसती भिंत. साहजिकच तो चोवीस तास माझ्याकडे, म्हणजे उजवीकडेच बघायचा. उशा-पायथा बदलू म्हटलं तर डोकं उत्तरेला येत होतं आणि सासूबाई ते चालू देईनात. त्यांच्याशी वाद न घालता आम्ही पलंगच फिरवला: एक आठवडा बाळाचं डोकं पूर्वेला, एक आठवडा पश्चिमेला. त्यांचंही समाधान झालं, आमचंही काम झालं. पलंग हलवायला जागा नसेल तर बाळाला एक रात्र आईच्या डावीकडे आणि एक रात्र उजवीकडे ठेवा, पडण्याची भीती नसेल अशा बेताने. पाळण्यावरचं चिमणाळं बरोबर मधोमध टांगलेलं असतं. ते बाळ बघत नाही त्या बाजूला सरकवा.

दूध पाजताना, कडेवर घेताना, खांद्यावर टाकताना बाजू बदला. अंगावर पाजताना ती आपोआप बदलते. बाटलीने पाजणारा माणूस मात्र जन्मभर एकाच हाताने पाजतो. आमच्याकडे ते आजोबा होते. त्यांना डाव्या हातावर घ्यायला शिकवायला दोन दिवस लागले आणि मग तेच सगळ्यांना टोकू लागले.

जागेपणी पालथं. बाळ घरी आल्या दिवसापासून, कुणीतरी समोर असताना, दिवसातून दोन-तीनदा तीन-चार मिनिटं, आणि सात आठवड्यांपर्यंत दिवसभरात मिळून पंधरा ते तीस मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना न रांगणाऱ्या बाळासाठी दिवसाला किमान अर्धा तास सांगते. सतरंजीवर सुरुवातीला बाळं रडतात. म्हणून आधी तुमच्या छातीवर घ्या, तुम्ही अर्धवट टेकलेले आणि बाळाचं तोंड तुमच्या तोंडासमोर. मग आडव्या मांडीवर. मग छातीखाली गुंडाळलेलं दुपटं घालून जमिनीवर.

आणि इथे मला आपल्या जुन्या न्हाणीबद्दल मनापासून सांगायचंय. मावशी पाटावर पाय लांब करून बसायच्या, मुलाला पोटरीवर पालथा घालायच्या आणि पाठ चोळायच्या. तो मान उचलून समोरच्या बादलीकडे बघायचा. अख्खी दहा मिनिटं, न रडता. परदेशी पुस्तकं टमी टाइम म्हणून जे शिकवतात ते आपल्या न्हाणीघरात आहेच. फिजिओथेरपिस्टने बघितलं तेव्हा तिने एवढंच सुचवलं की बादली डावीकडे ठेवा. आम्ही ठेवली.

त्याच न्हाणीतली एक गोष्ट मात्र थांबवली: डोकं दाबणं. तळहाताने दाबून हाड गोल होत नाही आणि नाजूक टाळूवर जोर मात्र पडतो. मावशींना मी नीट समजावलं, की तुमच्या हाताला नाही म्हणत नाही, पाठ-पाय हवे तितके चोळा, फक्त डोक्याला नुसतं तेल लावा. त्या दोन दिवस रुसल्या, मग मानल्या.

राईच्या उशीचं सांगणं जास्त अवघड गेलं, कारण ती सासूबाईंनी स्वतःच्या मऊ साडीतून शिवली होती. त्यांच्या चारही मुलांची डोकी त्या उशीवर छान गोल झाली होती आणि त्यांचा विश्वास खोटा नव्हता. पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या बिछान्यात उशी म्हणजे गुदमरण्याचा धोका, राईची असो वा भोकाची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशांबद्दल पालकांना तसाच इशारा दिला. आम्ही ती उशी जागेपणी पालथं घालताना छातीखाली वापरली, समोर माणूस बसलेलं असताना. सासूबाईंनी शिवलेली वस्तू वापरातही राहिली.

बाउन्सर, कारसीट, झोपाळा आणि झोळी यांतला वेळ कमी करा. तिथे डोकं मागे किंवा एका अंगाला टेकूनच असतं. गाडीत कारसीट हवंच, पण घरी आल्यावर बाळ त्यातच झोपलेलं राहू देऊ नका.

मान आखडलेली असेल तर एवढ्याने भागत नाही, लहान मुलांची सवय असलेला फिजिओथेरपिस्ट हवा. नेदरलँड्समध्ये सात आठवड्यांच्या, एकाच बाजूला वळणाऱ्या ६५ बाळांवर प्रयोग झाला. फिजिओथेरपी मिळालेल्या बाळांपैकी सहाव्या महिन्यात ३० टक्क्यांना तीव्र चपटेपणा होता, न मिळालेल्यांपैकी ५६ टक्क्यांना. माझ्या मते चपट्या डोक्याच्या उपचारांतला सगळ्यात भरवशाचा पैसा हाच. फिजिओने शिकवलेले ताण दर लंगोट बदलताना दोन-तीनदा करायचे. आम्ही फ्रिजवर तक्ता लावला होता: पालथं किती मिनिटं, ताण किती वेळा, आज डोकं पूर्वेला की पश्चिमेला. जो करेल त्याने रेघ ओढायची.

पाचवी पायरी: ठरवायचा दिवस

काम सुरू केलं त्याच दिवशी कॅलेंडरवर पुढची तारीख लिहा, सहा ते आठ आठवड्यांनंतरची. बाळ पाच महिन्यांचं होण्याच्या सुमारास ती यावी. वेळेआधी जन्मलेलं असेल तर वय प्रसूतीच्या मूळ तारखेपासून धरा. हेल्मेट लावायचंच असेल तर चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान सुरू केलेलं सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. वर्षानंतर फार थोडं हाती लागतं. ही तारीख हुकू नये ती एवढ्यासाठी.

हेल्मेट डोकं दाबत नाही. ते उंच बाजूला टेकलेलं असतं आणि चपट्या बाजूला पोकळी ठेवतं, म्हणजे वाढ तिकडे जाते. दिवसाला तेवीस तास, काही महिने. याचा उपयोग किती, यावरचा सगळ्यात काटेकोर प्रयोग नेदरलँड्सचाच, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला. पाच ते सहा महिन्यांची, मध्यम ते तीव्र चपटेपणाची ८४ बाळं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागली. दोन वर्षांची झाली तेव्हा हेल्मेट घातलेल्यांपैकी २६ टक्के पूर्ण बरी झालेली होती, न घातलेल्यांपैकी २३ टक्के. जवळपास सारखंच. घालणाऱ्यांना त्वचेची जळजळ, घाम, वास यांचा त्रास वर झाला.

हा निकाल दोन्ही बाजूंनी नीट वाचायला हवा. दोन्ही गटांतली तीन चतुर्थांश बाळं पूर्ण गोल झाली नाहीत, सुधारली तेवढी. त्यात मान आखडलेली आणि अतितीव्र चपटेपणाची बाळं घेतलीच नव्हती. शिवाय बऱ्याच पालकांनी हेल्मेट सरकतं, नीट बसत नाही अशी तक्रार केली होती. तेव्हा मध्यम चपटेपणाच्या आईवडिलांनी हा निकाल ऐकून धीर धरावा. अतितीव्र चपटेपणाच्या बाळाच्या आईला तोच पुढे करून "काही फायदा नाही" म्हणणं बरोबर नाही.

मी कुणाला विचारल्यावर जे सांगते ते असं. आकडा सौम्यमध्ये असेल तर हेल्मेटचा विचारही नको, घरचं काम चालू ठेवा. मध्यममध्ये असेल आणि सहा आठवड्यांत उतरलाय, तर थांबा आणि महिन्याने पुन्हा मोजा. मध्यममध्ये असून मनापासून काम केल्यावरही जागचा हलला नसेल आणि बाळ पाच-सहा महिन्यांचं असेल, तर हेल्मेट देणाऱ्याकडे जाऊन नीट चौकशी करा. तीव्र असेल, कपाळ आणि गाल पुढे आलेले समोरून दिसत असतील, तर पाचव्या महिन्याची वाट न बघता चौथ्यातच दाखवा. निर्णय नंतर घ्या, पण हातात वेळ असताना.

आमचा ठरवायचा दिवस आला तेव्हा मुलगा सहा महिन्यांचा होता; सहा आठवडे आधीच गेल्यामुळे तारीख पुढे सरकली होती. आकडे १४५ आणि १३८ आले, ४.८ टक्के. आम्ही हेल्मेट केलं नाही. माझ्या पुण्याच्या चुलतबहिणीच्या मुलीचा चपटेपणा तीव्र होता, त्यांनी केलं, आणि त्यांच्यासाठी तेच बरोबर होतं.

इंदुरातून हेल्मेट करायचं तर

हेल्मेट एकदा घालून सुटका होत नाही. डोकं वाढतं तसं ते आतून घासून बसतं करावं लागतं, सुरुवातीला तर दर एक-दोन आठवड्यांनी. तुमचं केंद्र मुंबईत असेल तर अवंतिका एक्सप्रेसच्या रात्रीच्या किती फेऱ्या होतील, त्यात रजा कुणाची, आणि रोज तेवीस तासांचं वेळापत्रक घरात कोण सांभाळणार, हे आधी कागदावर मांडा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. हेल्मेट त्या दिवसांत येणार असेल तर कूलरची खोली, दिवसातून दोनदा आतून पुसणं आणि दर वेळी मान-कानामागची कातडी बघणं, याची तयारी हवी. अर्ध्या तासानंतरही न जाणारा लाल डाग दिसला तर हेल्मेट काढा आणि लगेच फोन करा.

पैसे देण्याआधी हे विचारा: मोजमाप कोण करतं, आणि विकणाराही तोच आहे का? आमच्या बाळाच्या आकड्यात किती फरक पडेल असं तुम्हाला वाटतं? दुरुस्तीच्या भेटी किंमतीत धरल्या आहेत का? मध्येच डोकं मोठं झालं तर दुसऱ्या हेल्मेटचे पैसे कुणी द्यायचे? उत्तरं लेखी घ्या. आणि शिवणी व मान डॉक्टरांनी तपासल्याशिवाय हेल्मेटची घाई करणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

त्यानंतर

बाळ पालथं पडू लागलं, बसू लागलं की डोक्यावरचा भार कमी होतो आणि सुधारणा चालू राहते, फक्त सावकाश. वाढीच्या टप्प्यांवर लक्ष ठेवा: चार महिन्यांपर्यंत मान धरणं, सहा-सातपर्यंत पालथं पडणं, नऊपर्यंत आधाराशिवाय बसणं. चपटेपणामुळे हे टप्पे लांबतात असं सिद्ध झालेलं नाही, पण ज्या बाळाचं हलणं-वळणं मुळातच कमी असतं त्याचं डोकं जास्त चपटं होऊ शकतं. टप्पा चुकला तर डोक्याच्या आकाराशी न जोडता स्वतंत्रपणे दाखवा.

वर्षाच्या वाढदिवसाला आमचं शेवटचं मोजमाप झालं: १५२ आणि १४८, म्हणजे २.६. तेल लावताना उजवीकडे अजून थोडा सपाट भाग तळहाताला लागतो. बघणाऱ्याला सांगितल्याशिवाय दिसत नाही.

मान सुटली, आकार सुधारला, आणि तरीही वर्षानंतर मूल डोकं एका बाजूला कलवूनच बघत असेल, तर त्याला नेत्रतज्ज्ञांकडे न्या. डोळ्याच्या स्नायूत दोष असला की मूल नीट दिसावं म्हणून मान तिरपी धरतं, आणि तो दोष मानेच्या कितीही व्यायामाने जात नाही.